श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्याविषयी

श्वसनाचा दर काढताना श्वास १५ सेकंद मोजून चारने गुणले तरी चालते, असे म्हणतात; श्वसन नियमित असेल तर ते एकवेळ मान्य, परंतु अनियमित श्वसनात हा हिशेब फसवतो. इंदुरात रात्रपाळीला असताना हृदयविकाराच्या एका आजोबांचे श्वास हळूहळू खोल होत, मग उथळ होत आणि वीसेक सेकंद पूर्ण थांबत. नेमके त्या विरामात मोजले असते, तर नोंद शून्याची झाली असती. हे चेन-स्टोक्स श्वसन. रक्तातील आम्लता वाढलेल्या मधुमेही रुग्णाचे कुसमाउल श्वसन मात्र खोल आणि अखंड चालते. प्रौढांचा श्वसनदर मिनिटाला १२ ते २० धरतात, पण तो (हे आमच्याकडे सर्रास विसरले जाते) रुग्णाला सांगून मोजू नये; लक्ष गेले की श्वास बदलतो. नाडी मोजून झाल्यावर बोटे तशीच ठेवून नजर छातीकडे वळवावी.