जुनी बंदूक, गंजलेली, १ नग

ठासणी_भुदरगड
काल इथंच एका भावानं फोटो टाकला होता. पोलिसांकडं जमा झालेल्या बंदुकांचा ढीग, गॅस कटरनं मधोमध कापलेला, आणि वर ओळ: "भंगार गेलं, ब्याद टळली. बंदुकीचा कसला आलाय वारसा?" खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री उत्तर लिहिलं आणि खोडलं. म्हटलं जाऊ दे. सकाळी फोटो मोठा करून बघितला, तर ढिगाच्या डाव्या कडेला एक नळी. गंजाखालनं नागमोडी पाणी, म्हणजे लाटांसारखी नक्षी, दिसत होतं. आता गप्प बसवत नाही.

ज्यांना कळतं त्यांना कळलं असेल. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, सळईभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, तेव्हा ते पाणी उमटतं. पहिल्या महायुद्धाच्या आसपास हा धंदाच बसला. ती नळी देशी कट्ट्यांच्या शेजारी दोन तुकडे होऊन पडलीय. किलोवर.

आमच्या घरचं सांगतो. आजोबांची तीन हत्यारं वडिलांच्या परवान्यावर होती. २०१९ ला कायदा बदलला, तीनच्या जागी दोनच. वडिलांनी बारा बोअरची दुनळी ठेवली, बावीसची रायफल ठेवली आणि ठासणीची, म्हणजे तोंडातनं दारू ठासून भरायची, ती जमा केली. लहानपणी ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. कुंदा मोडलेला, पितळी पत्रा मारून तारेनं तीन जागी आवळलेला. घोड्याच्या मागं अंगठ्यानं झिजून झिजून एक खळगा पडलेला, गुळगुळीत, चिंचोक्यासारखा. खंडेनवमीला तिला पहिली माळ. जमा केल्याची पावती अजून आहे. त्यावर लिहिलंय: "जुनी बंदूक, गंजलेली, १ नग." मध्ये कोरोना, मध्ये वडिलांचं आजारपण. विचारायला गेलो तर म्हणाले, "ती यादीत गेली." यादी म्हणजे कटर.

१९५९ च्या कायद्यातच ४५ वं कलम आहे, जुन्या बनावटीच्या, पुरावस्तूचं मोल असलेल्या निकामी हत्याराला सूट. पण हे ठरवणार कोण? कापायच्या आधी एका जाणत्या माणसानं एकदा बघावं, एवढंच मागतोय. २०२४ ला लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आणली, साताऱ्यात बघायला गर्दी केली. आणि घरचं आपण भंगारात घालतोय.

शाहूपुरी_३री_गल्ली
त्या फोटोवर अंगठा दिलेला मी. परत दिला असता, दोनदा देता येत नाही म्हणून.

वारसा वारसा काय लावलंय. बंदूक होती कुणाकडं? इनामदार, पाटील, सरदार. आमचा पणजोबा राधानगरीकडचा. दाजीपूरचं रान १९५८ ला अभयारण्य झालं, त्याआधी ते शिकारीचं राखीव. पणजोबा हाकाऱ्याला जायचा. डबा बडवत रान उठवायचं, समोर बंदुकवाले बसलेले. कुण्या साहेबाचा नेम चुकला आणि तीन छर्रे पिंढरीत घेऊन तो म्हातारा झाला. थंडीत दुखायला लागलं की आज्याचं बोट धरून फिरवायचा, हा एक, हा दुसरा, हा तिसरा. बदल्यात मिळालं एक पागोटं. तुमच्या आजोबांचा अंगठा बंदुकीच्या त्या टोकाला होता, आमच्या पणज्याची पिंढरी ह्या टोकाला. आमचा वारसा पायातच होता, त्याच्याबरोबर जळाला. मी कुणाला यादीचं विचारायला गेलो नाही.

आणि वाघनखं महाराजांचीच, अशी हमी त्या म्युझियमनं पण दिलेली नाही. तेवढं तरी वाचून लिहायचं.

जुना_बुधवार
वाघनखांवर बोलायचं काम नाही. सांगून ठेवतो.

शाहूपुरी_३री_गल्ली
मी कुठं बोललो, म्युझियम बोललंय. तिकडं लंडनला सांगून ठेव.

निवृत्त_हवालदार
तीस वर्षं नोकरी, त्यातली सहा मुद्देमाल खोलीवर. तुम्ही लोक खोली न बघता बोलता. लेबलं उंदरांनी खाल्लेली. तलवारींवर मोटारसायकलची चाकं, त्यावर हातभट्टीचे कॅन. कोर्टाचा हुकूम येतो, "मुद्देमाल नष्ट करावा". आधी पुरातत्त्ववाल्याला दाखवा असं त्यात नसतं. जमा केलेलं हत्यार मुदतीत कुणी सोडवून नेलं नाही तर जिल्हाधिकारी सरकारजमा करतात, तेही कायद्यातच आहे. आणि मोजणीत एक नग कमी भरला तर पेन्शन माझी अडकते, तुमच्या इतिहासाची नाही.

४५ वं कलम पण साहेबांनी अर्धंच वाचलंय. "दुरुस्त करूनही चालणार नाही" अशी अट आहे. ठासणीला काय लागतंय? गावातला लोहार दोन दिवसांत चालू करून देईल. म्हणजे सूट नाही. आणि सत्तरी ओलांडली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं की हयातीतच वारसाच्या नावावर अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत आहे. वेळेत केला असता तर ती ठासणी आज तुमच्या परवान्यावर असती.

ठासणी_भुदरगड
हवालदारसाहेब, हा नियम पावती फाडताना खिडकीवर कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. आभारी आहे, उशिरा का होईना.

चंदगडी_ऊसकरी
तुमचं चालू द्या. ठासणीचं नाव निघालं म्हणून इचारतो. आमच्यात बापाच्या नावावर ठासणीची हाय, पीक राखायला. कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असं लिहून ठेवलंय. मग इलेक्शन आलं की जमा करायची नोटीस कशाला? लोकसभा झाली, विधानसभा झाली, झेडपी हाय, ग्रामपंचायत हाय. वर्षातलं निम्मं दिस बंदूक ठाण्यात अन् डुकरं भुईमुगात. डुकराला आचारसंहिता लागू हाय का?

गव्यांचा_वकील
बार काढून हाकलायचं म्हणतोय की मारायचं? गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आत बसशील.

चंदगडी_ऊसकरी
मी डुकराचं बोलतोय, तू गव्यावर गेलास. अन् गवा मारायचं कोण म्हणलं लगा? टनभर जनावर ते. ठासणीचा छर्रा म्हणजे त्याला माशी बसल्यागत. हवेत बार काढला की कळप बांधाच्या पल्याड जायचा, तेवढंच. तू कधी राती दोनला उसात गव्याचा श्वास ऐकलायस का? बॅटरी मारली की डोळं चमकत्यात अन् आपलं पाय हलत न्हाईत.

गव्यांचा_वकील
सौर कुंपणाला अनुदान आहे. घ्या की.

चंदगडी_ऊसकरी
घेतलं. पावसाळ्यात वेली चढल्या तारंवर, करंट जमिनीत उतरला. डुकरं तर खालनं उकरून येत्यात. भरपाईचं म्हणशील तर अर्ज, सातबारा, पंचनामा, फोटो. ह्या भुईमुगाचं पैसं येईपर्यंत पुढचा भुईमूग खाऊन झालेला असतोय. कोडगूच्या कोडवांना परवान्यातनं सूट हाय. आम्हाला का न्हाई? आमच्या बांधावरनं कर्नाटक दिसतंय की.

गडहिंग्लज_मास्तर
कोडवांची सूट इंग्रजांच्या काळापासूनची आहे. त्याचा बांधाशी काय संबंध?

चंदगडी_ऊसकरी
मास्तर, डुकरानं कधी तुमचा पगार खाल्लाय का? मग.

गडहिंग्लज_मास्तर
वैयक्तिक बोलू नका. माझी पण दोन एकर आहे.

चंदगडी_ऊसकरी
वाट्यानं दिलेली असंल.

ठासणी_भुदरगड
अरे, धागा जुन्या बंदुका वाचवायचा आहे. डुकरांचा वेगळा काढा.

चंदगडी_ऊसकरी
तुमची भिंतीवर, माझी बांधावर. वाचवायची कुठली ते तुम्हीच सांगा.

दहा_पॉइंट_नऊ
कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती. राही सरनोबत २०१८ ला एशियाडचं सुवर्ण. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. आणि इथं बंदूक म्हटलं की ब्याद?

शाहूपुरी_३री_गल्ली
स्वप्नीलच्या रायफलीचा आणि ह्यांच्या ठासणीचा संबंध तेवढाच, जेवढा माझा आणि कुस्तीचा. मी पण खासबागेत बसून शेंगा खाल्ल्यात.

मंगळवार_पेठ
सकाळपासून वाचत बसलोय. (बाईच आहे, आमच्यात असंच बोलतात, परगावच्यांनी हसू नये.)

मामाच्या घरी केपाची बंदूक होती, ठासणीचीच. केप म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी. खंडेनवमीला पूजेला काढली. मामा मांडीवर घेऊन चिंचेनं पितळ घासत होता, डावा हात नळीच्या तोंडाशी. धाकट्याला कपाटात केपांची डबी सापडली. टिकलीसारखा आवाज होईल म्हणून त्यानं केप बसवली आणि चाप ओढला. आत बार होता. कुणी भरलेला, कधी भरलेला, कुणाला ठाऊक नाही. आजी म्हणायची, तिच्या सासऱ्यांनंतर कुणी ती बंदूक उडवलेलीच नव्हती. मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. धाकटा पुढं दोन वर्षं नीट बोलला नाही.

आजीनं त्याच रात्री ती बंदूक परड्यातल्या विहिरीत टाकली. कुणाला विचारली नाही. वारसा तिथं आहे, पाहिजे त्यानं गाळ उपसावा.

निवृत्त_हवालदार
ताई, ह्याची भीती आम्हाला रोज असायची. काळी दारू कोरडी राहिली की शंभर वर्षांनी पण पेटते. ज्यांच्या घरात अजून ठासणीची आहे त्यांनी ऐका. केप बसवू नका, तोंडासमोर उभं राहू नका. ठासायचा गज हळूच नळीत सोडा, तोंडाशी खडूनं खूण करा. मग तोच गज बाहेरनं नळीला लावा. टोक कानाच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी बार पेटवायच्या, भोकापर्यंत पोचलं तर रिकामी. तीन-चार बोटं अलीकडंच थांबलं तर आत बार आहे. स्वतः काढत बसू नका, आम्हाला कळवा. आणि ते नागमोडी पाण्याच्या नळीचं कौतुक चाललंय, तिच्यात आताचं काडतूस घालून बघू नका कुणी. फाटते.

ठासणी_भुदरगड
ताई, मामांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. मान्य, भरलेली बंदूक भिंतीवर नको. चाप काढून घ्या, कानात वेल्डिंग मारा, नळी बुजवा, माझं काही म्हणणं नाही. तरी ती बंदूक म्हणून बघता येईल. दोन तुकडे कशाला? इंग्लंडनं १९९७ ला पिस्तुलांवर बंदी घातली, तेव्हा पण ऐतिहासिक नमुन्यांसाठी कायद्यात वेगळं कलम ठेवलं.

शाहूपुरी_३री_गल्ली
काढलंच का शेवटी इंग्लंड! १८७८ चा शस्त्र कायदा करून हिंदी माणसाला परवान्याला बांधलं आणि गोऱ्यांना मोकळं ठेवलं, ते हेच.

ठासणी_भुदरगड
म्हणजे ज्यांनी आपली हत्यारं काढून घेतली ते स्वतःची जपतात, आणि आपण उरलेली स्वतःच कापतो. माझंच बोलणं पुढं नेलंत, धन्यवाद.

शाहूपुरी_३री_गल्ली
जास्त शहाणपणा करू नको. बरं, कापा म्हणत नाही. ती वेल्डिंगची भानगड मला चालतेय. न्यू पॅलेसचं म्युझियम मी पोराला घेऊन बघून आलोय. हत्यारं झकास, पेंढा भरलेली जनावरं झकास. पोरगं विचारत होतं, वाघाला ह्यांच्यासमोर कोण घेऊन आलं? तुझी ठासणी कुठं मांडलीच तर पाटीवर हाकाऱ्यांची एक ओळ टाक. मग बघायला येतो. तिकीट मात्र तू काढायचं.

ठासणी_भुदरगड
काढतो. पण मांडू काय, पावती?

निवृत्त_हवालदार
पावतीवर नंबर आहे का? यादीत गेली म्हणजे कापलीच असं नसतं. कधी कधी यादी जाते आणि माल मागं राहतो. मुद्देमाल रजिस्टरला त्या नंबरापुढं निकालाची तारीख पडली असेल तर गेली. कोरं असेल तर आहे. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाक. पावतीचा फोटो मला खासगीत पाठव, इथं टाकू नको.

ठासणी_भुदरगड
पाठवला.

चंदगडी_ऊसकरी
हवालदार, एवढं करतायसा तर आमच्या बापाच्या परवान्याचं पण बघा की. नूतनीकरणाला टाकून आठ म्हैनं झालं. राती परत पंधरा-वीस आलती.