एअर इंडिया बिल्डिंगच्या तुमच्या आठवणी सांगा ना

काल चर्चगेटला काम होतं, वेळ उरला म्हणून नरिमन पॉइंटपर्यंत चालत गेले. समोर एअर इंडिया बिल्डिंग आणि एकदम बाबा आठवले. आम्ही डोंबिवलीचे, सुट्टीत एकदाच समुद्र दाखवायला न्यायचे आणि मी गिरगाव चौपाटीवरूनच ओरडायचे, तो बघा धनुष्यवाला! बाबा दरवेळी तेवीस मजले मोजायला लावायचे, मी दहाच्या पुढे चुकायचे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं तेव्हा बाबा असते तर म्हणाले असते, आता तरी नीट मोज. तुम्ही पण लिहा.

धनु_राशीचा: ताई धनुष्यवाला नाही तो, सेंटॉर, एअर इंडियाचं तेव्हाचं चिन्ह. अर्धा माणूस, अर्धा घोडा. आमची आजी सांगत सुटायची की सरकारने आमच्या नातवाची रास गच्चीवर लावलीय 😂

जुना_पासधारक: १२ मार्च ९३, शुक्रवार. आमचं ऑफिस जवळच, जेवून डबा धुवत होतो आणि धाडकन आवाज, आम्हाला वाटलं लिफ्ट पडली. शेअर बाजारात आधीच बॉम्बस्फोट झालाय आणि हा एअर इंडिया बिल्डिंगचा, हे कुणाला माहीत, मोबाईल कुठे होते. खाली उतरलो तर रस्ताभर काचा, बुटाखाली साखर चुरडल्यासारखा आवाज येत होता. डबा राहिला तिथेच. रात्री अकराला घरी पोचलो, आई दारातच बसलेली, काही बोलली नाही, पाणी दिलं फक्त. पँटच्या दुमडीतून काचेचा चुरा निघाला, तो तिने पेपरात बांधून टाकला.

कल्याण_लोकल: 🙏 काका. आमच्या घरात अजून त्या दिवसाचं कुणी बोलत नाही.

फुकट_एसी: विषय हलका करतो. कॉलेजात असताना तळमजल्यावरच्या तिकीट ऑफिसात आम्ही एसी खायला जायचो. लंडनचं भाडं विचारायचं, "घरी विचारून सांगतो" म्हणायचं आणि बाहेर येऊन वडापाव.

निमा: 😂😂 वडापाव कुठला पण? मंत्रालयाच्या बाजूचा का?

फुकट_एसी: नाही हो, चर्चगेटला शेअर टॅक्सीच्या रांगेजवळचा. सुकी चटणी अशी की नाक वाहायचं.

निमा: त्या चटणीत भाजलेलं खोबरं असतं का नुसतं लसूण तिखट? माझी ओलसरच होते.

धनु_राशीचा: खोबरं कोरडं भाजा, तेल अजिबात नको.

सासूबाई_झोपल्यात: मिस्टर तिथेच कामाला होते, २०१३ ला मुख्यालय दिल्लीला गेलं तेव्हाचं लिहायचंय खूप, पण कुकर लावलाय. येते.

निमा: या या. तीन शिट्ट्या झाल्या की लगेच बंद करा हं, वरण असेल तर.