रिझर्व्ह आयपी लावला तरी सर्वर बाहेर दुसऱ्याच आयपीने जातो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वरुड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाने संत्र्याच्या बागांत मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर बसवलेत. प्रत्येक डब्यात जीएसएम सिम आहे आणि सर्वरचा आयपी नंबरच टाकून ठेवलाय, डोमेन नाव ते मॉडेल घेतच नाही. म्हणजे आयपी बदलला की बागोबाग फिरा, झाकण खोला, लॅपटॉप जोडा, आन पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाय उचलत नाही. म्हणून डिजिटल ओशन या भाड्याने सर्वर देणाऱ्या कंपनीच्या बंगळुरू रीजनमध्ये सुरुवातीलाच रिझर्व्ह आयपी (एका सर्वरवरून दुसऱ्यावर फिरवता येणारा राखीव आयपी) घेतला होता, डब्यांत तोच आहे.

जुना सर्वर उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला, म्हणून २४.०४ चा नवा ड्रॉपलेट (डिजिटल ओशनवरचा भाड्याचा सर्वर) केला आणि आयपी त्याच्यावर फिरवला. डब्यांचा डाटा लगेच नव्यावर यायला लागला, एकाही बागेत जावं लागलं नाही, हे फार मोठं काम झालं.

अडलं ते एसएमएसवर. ओलावा ठरलेल्या आकड्याखाली गेला की शेतकऱ्याला मेसेज जातो, आणि मेसेजवाली कंपनी व्हाइटलिस्टमधल्या, म्हणजे आधी परवानगी दिलेल्या आयपीचीच रिक्वेस्ट घेते. तिथं जुन्या ड्रॉपलेटचा आयपी होता, तो बदलून रिझर्व्हवाला दिला तर सगळ्या रिक्वेस्ट रिजेक्ट. सर्वरवरून कर्ल कमांड मारून पाहिलं तर बाहेर जाताना ड्रॉपलेटचा स्वतःचाच आयपी दिसते. तोच व्हाइटलिस्ट करता येईल, पण पुढच्या वेळी ड्रॉपलेट बदलला की पुन्हा तेच. आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी तोडणं) चालू आहे, ताण हाताबाहेर गेला तर झाडं पानं गाळतात, मेसेज बंद ठेवून चालत नाही. काय करावं?

प्रतिसाद:
भाऊ, सर्वर बरोबरच वागून राहिला. रिझर्व्ह आयपीवर आलेला ट्रॅफिक ड्रॉपलेटच्या अँकर आयपीवर (रिझर्व्ह आयपीसाठी ड्रॉपलेटला दिलेला आतला आयपी) पोचतो आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते, म्हणून डब्यांना काही जाणवत नाही. पण सर्वर स्वतःहून जे कनेक्शन उघडतो ते डिफॉल्ट गेटवेने, म्हणजे बाहेर जायच्या नेहमीच्या वाटेने जाते, आणि तो गेटवे ड्रॉपलेटच्या मूळ आयपीचा. १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावर ड्रॉपलेटची माहिती (मेटाडेटा) मिळते, त्यात अँकरचा गेटवे सापडेल, डिफॉल्ट रूट त्याच्यावर वळवा. आधी कमांडने तात्पुरतं करा, ते रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून काही बिघडलं तर रीबूट मारला की मूळ जागेवर. डिजिटल ओशनच्या साइटवरचा वेब कन्सोल (ब्राउझरमधून सर्वर चालवायची खिडकी) मात्र आधीच उघडून ठेवा. जमलं की मग नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) कायमचं लिहा.

आणि जुना ड्रॉपलेट डिलीट करताना रिझर्व्ह आयपी चुकूनही रिलीज करू नका, तो एकदा गेला की तोच परत मिळेल याची खात्री नाही. कोणत्याच ड्रॉपलेटला न लावता नुसता पडून राहिला तर पैसे लागतात, लावलेला असला तर फुकट.

रूट टेबलचा आउटपुट इथं टाका, आपले आयपी झाकून. पाहून सांगतो.