मुलगा १६, मुलगी पावणेतेरा : क्रूझ कंपनी कशी निवडावी?

सागरवेध (प्रश्न)
पुढच्या मोठ्या सुट्टीत सात रात्रींची क्रूझ करायचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलगा १६ वर्षांचा, मुलगी जहाज सुटायच्या दिवशी पावणेतेराची असेल. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, एमएससी आणि डिस्ने एवढ्या कंपन्या पाहून झाल्या. प्रत्येकीच्या पानावर घसरगुंड्या आणि हसरे चेहरे तेवढे दिसतात, फरक काही कळत नाही. कॅरिबियन की भूमध्य समुद्र हेही ठरलेलं नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत : या वयाच्या मुलांचं मन कुठे रमेल, चौघांना एक केबिन पुरेल का, आणि तिकिटावर वरखर्च कशाकशाचा धरायचा?

नांगर
तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी मुलीचं वय बघा. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनवर किशोरांचा गट १३ ते १७ असा एकच असतो. म्हणजे तिथे मुलगी लहान मुलांच्या क्लबात जाणार, आणि पावणेतेराच्या मुलीला तिथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर बसवलं तर ती दुसऱ्या दिवशी पाऊल ठेवायची नाही. कार्निव्हलवर १२ ते १४ (सर्कल सी) आणि १५ ते १७ (क्लब ओटू) असे दोन गट आहेत. एमएससीवरही १२-१४ आणि १५-१७. डिस्नेवर ११ ते १४ साठी 'एज' आणि १४ ते १७ साठी 'व्हाइब'. या तीन कंपन्यांत दोन्ही मुलांना आपापल्या वयाची सोबत मिळते. वय साधारणपणे जहाज सुटायच्या दिवशीचं धरतात. तीन महिन्यांनी काय बिघडतं, असं म्हणून अपवाद होईल या भरवशावर पैसे भरू नका.

क्लब कितीही चांगला असला तरी पहिली संध्याकाळ चुकवू नका. मुलांची टोळकी त्याच रात्री जमतात. तिसऱ्या दिवशी नव्याने आत शिरणं या वयात फार अवघड जातं. त्यामुळे पहिल्या रात्रीचं जेवण लवकरच्या वेळेचं घ्या आणि मुलांना ओळखीच्या कार्यक्रमाला वेळेवर सोडा. आईवडिलांनी दारातून परत फिरायचं. किशोरांच्या खोल्यांत मोठ्यांना थांबू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रात्री परतायची वेळही आधी वाचून घ्या. कार्निव्हलवर १७ आणि त्याखालच्या मुलांना रात्री १ नंतर मोठ्या माणसाशिवाय सार्वजनिक जागांत फिरता येत नाही.

डेक नऊ
नांगर यांच्याशी सहमत, पण माझ्या मते कंपनीपेक्षा जहाज महत्त्वाचं. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रॉयल कॅरिबियनच्या फ्रीडम, ओअॅसिस आणि क्वांटम वर्गातल्या जहाजांवर फ्लोरायडर म्हणजे कृत्रिम लाटेवरचं सर्फिंग आहे. व्हिजन वर्गातल्या लहान, जुन्या जहाजांवर ते नाही. कार्निव्हलचा 'बोल्ट' रोलर कोस्टर मार्डी ग्रा, सेलिब्रेशन आणि ज्युबिली या तीन जहाजांवरच आहे. नॉर्वेजियनची गो-कार्ट (शर्यतीच्या छोट्या गाड्या) जॉय, ब्लिस, एन्कोर, प्रिमा आणि व्हिवा यांच्यावर. म्हणून तिकीट काढण्याआधी जहाजाचं नाव घेऊन त्याचा डेक-नकाशा उघडा आणि मुलांनाच दाखवा. पोरं काय करणार आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं.

दुसरं, फुकट काय आणि पैशाचं काय. फ्लोरायडर, कपारी चढायची भिंत, पाण्याच्या घसरगुंड्या आणि बर्फावरचं स्केटिंग रॉयलवर तिकिटातच येतं. बोल्ट आणि गो-कार्टला दर फेरीला पैसे पडतात. व्हिडिओ गेम तर जवळपास सगळीकडे पैशाचे, आणि तिथे जहाजाचं खर्चाचं कार्ड टेकवत राहिलं की आकडा कधी फुगला ते कळतही नाही.

उंचीची अट विसरू नका. फ्लोरायडरवर आडवं झोपून जायला १३२ सेंमी आणि उभं राहायला १४७ सेंमी उंची लागते, शिवाय पालकांची सही. दोरांवरच्या खेळांसाठी आणि चढायच्या भिंतीसाठी पुढून बंद बूट हवेत. नुसत्या सपाता नेल्या तर मुलं खालूनच बघत राहतील. वारा वाढला की ही सगळी साधनं बंद होतात, त्यामुळे शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका.

गर्दीचा अंदाज काढायचा असेल तर जहाजाचा सकल टनभार भागिले प्रवासी हे गणित करा. हा टनभार म्हणजे वजन नाही, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. रॉयल कॅरिबियनच्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाचा टनभार २,४८,६६३. दर केबिनला दोघं धरून ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४. जाहिरातीत हाच हिशोब असतो. पण शाळांच्या सुट्टीत तिसरे-चौथे बिछानेही भरतात. मग प्रवासी ७,६०० पर्यंत जातात आणि आकडा ३३ च्या खाली येतो. तुम्ही सुट्टीतच जाणार, तेव्हा तुलना करताना कमाल प्रवासीसंख्येनेच भागा.

सागरवेध
हे भागाकाराचं कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. मग भूमध्य समुद्रात एमएससी घ्यावी का? वयाचे गट जुळताहेत आणि मुलांचं भाडंही कमी दिसतंय. केबिनबद्दलही सांगा.

पूर्ववारा
भूमध्य समुद्रात एमएससीची बरीच जहाजं एकाच फेरीत अनेक बंदरांवर प्रवासी चढवतात : कुणी बार्सिलोनाला, कुणी मार्सेला, कुणी जेनोवाला. म्हणजे तुमचा पहिला दिवस तो दुसऱ्याचा चौथा. वर नांगर यांनी सांगितलेली 'पहिली संध्याकाळ' इथे सगळ्यांची एकत्र नसते, मुलांचा गट आठवडाभर बदलत राहतो. शिवाय तिथे जवळपास रोज बंदर. सकाळी शहर पाहायचं, संध्याकाळी थकून परत यायचं. जहाजावरच्या खेळांना वेळ उरतो कुठे? सात रात्रींच्या कॅरिबियन फेरीत बहुधा दोन-तीन दिवस नुसते समुद्रावरचे मिळतात आणि किशोरांच्या मैत्र्या त्याच दिवसांत होतात. मुलांना रोम-बार्सिलोना बघायचं असेल तर भूमध्य समुद्र, जहाजच हवं असेल तर कॅरिबियन.

भूमध्य समुद्र ठरला आणि तुम्हाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागत असेल, तर मार्गात तुर्कस्तान किंवा ब्रिटन आहे का ते बघा. तिथे जाऊन परत शेंगेनमध्ये शिरायला एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो.

पाचवी घंटा
केबिनबद्दल. चौघांच्या साध्या केबिनमध्ये खाली जोडबिछाना, आणि वर छतातून उघडणारे दोन बंक किंवा एक बंक व एक सोफा. आतली केबिन साधारण १४ ते १७ चौरस मीटरची. त्यात एक न्हाणीघर, एक आरसा आणि दोन किशोर. डिस्नेच्या बहुतेक केबिनमध्ये शौचालय आणि शॉवर वेगळे असतात, तेवढाच काय तो दिलासा.

एका बाल्कनी केबिनमध्ये चौघं आणि दोन आतल्या केबिन, अशा दोन्ही दरांची तुलना करा. तिसऱ्या-चौथ्याचं मूळ भाडं कमी असतं, पण बंदर शुल्क, कर आणि रोजची टिप माणशी लागतेच. एमएससी टिपेत लहान मुलांना सवलत देते. ही सगळी बेरीज केल्यावर दोन केबिनमधला फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर केबिनमागे एक जण २१ वर्षांचा हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. पालक शेजारीच असतील तर सूट मिळते. कार्निव्हल १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लगतची किंवा समोरची केबिन देते, १३ ते १७ वाल्यांना तीन केबिनपर्यंत लांब. तुमच्या मुलीमुळे तुम्हाला पहिलीच अट लागू. मधलं दार हवं असेल तर 'कनेक्टिंग' असं स्पष्ट सांगा. नुसती शेजारची म्हटलं तर मध्ये भिंतच असते.

'गॅरंटी' दर स्वस्त असतो, पण त्यात केबिन कंपनी ठरवते. दोन केबिन दोन टोकांना पडू शकतात. तो घेऊच नका. आणि चौघांची केबिन हवी असेल तर लवकर ठरवा : अशा केबिन कमी असतात, शिवाय त्या भागाच्या जीवनरक्षक नौकांची क्षमता भरली की केबिन रिकामी असूनही चौथा माणूस घेत नाहीत. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही केबिनच असतील अशी जागा निवडा. पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो.

डेक नऊ
वरखर्चाचं राहिलं. टिप, वायफाय, शीतपेयं, किनाऱ्यावरच्या सहली, हे चार मोठे. वायफाय बहुधा उपकरणागणिक विकतात, म्हणून मुलांना विचारूनच किती घ्यायचं ते ठरवा. घरच्यांशी जहाजावर बोलायला कंपनीचं अॅप पुरतं. काही ठिकाणी त्यातल्या गप्पा मोफत, काही ठिकाणी थोडे पैसे. सगळ्यात महागात पडणारी चूक फोनची : जहाज किनारा सोडतं तेव्हा फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल थेट घरी येतं. चढतानाच चौघांचे फोन विमान मोडवर टाका, नंतर फक्त वायफाय चालू करा.

मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालायची असेल तर पहिल्याच दिवशी ग्राहक कक्षात जाऊन सांगा.

पूर्ववारा
सहली स्वतः ठरवणार असाल तर एक लक्षात ठेवा : कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ कधीकधी वेगळी असते आणि फोन स्थानिक वेळ धरतो. मुलाच्या हातात जहाजाच्या वेळेवर लावलेलं साधं घड्याळ द्या.

सागरवेध
मुलांना डेक-नकाशे दाखवले. दोघांनीही समुद्रावरचे दिवस जास्त असलेली फेरी मागितली, म्हणजे कॅरिबियन. आता कार्निव्हल आणि डिस्ने या दोघांचेच दर दोन केबिन धरून मागवतो. शेवटचा हप्ता कधीपर्यंत भरावा लागतो?

पाचवी घंटा
साधारणपणे सुटण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी, कंपनी आणि फेरीप्रमाणे. तोपर्यंत दर आठवड्याला भाडं बघत राहा. उतरलं तर नव्या दराने करून मागा, पण अनामत परत न मिळणारा दर घेतला असेल तर त्याच्या अटी आधी वाचा. मुदत उलटल्यावर रद्द केलं तर कपात टप्प्याटप्प्याने वाढत जाते, म्हणून प्रवासविमा अनामत भरतानाच काढून ठेवा.