तळ्यातल्या होड्या इतिहास फिरवतात का? शँप्लेन, पोयांग आणि आपली तापी

हतनूरकाठ (भुसावळ):
पर्यायी इतिहास म्हटलं की आपल्याकडे पानिपतच निघतं. मला शँप्लेन सरोवराबद्दल बोलायचंय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ साली, कॅनडातून दक्षिणेला उतरणाऱ्या ब्रिटिश फौजेची वाट म्हणजे हेच सरोवर. अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्डने ओल्या लाकडाच्या, सपाट बुडाच्या तोफहोड्या घाईने बांधून घेतल्या. ११ ऑक्टोबरला व्हॅल्कूर बेटापाशी लढाई झाली आणि दोनच दिवसांत त्याचा बहुतेक ताफा संपला. तरी मी विजय त्याचाच मानतो. त्याच्यावर मात करायला ब्रिटिशांनी आख्खं जहाज सुटं केलं, जमिनीवरून वाहून आणलं, सरोवरातून निघणाऱ्या रिशेल्यू नदीकाठी पुन्हा जोडलं. तोवर थंडी तोंडावर आली आणि ब्रिटिश सेनापती कार्लटन माघारी फिरला. होड्या नसत्या तर दक्षिणेकडचं ऑल्बनी शहर त्याच वर्षी ब्रिटिशांकडे गेलं असतं. मग १७७७ची ब्रिटिशांची साराटोगाची शरणागती नाही, १७७८चा अमेरिकेचा फ्रान्सशी तह नाही.

असीरची वाट (रावेर):
भाऊ, हाई काही पटनं नही. ऑल्बनी गेलंच असतं हे कशावरून? मधे टायकोंडेरोगाचा किल्ला होता, आत हजारो अमेरिकन सैनिक. होड्यांनी खरोखर निकाल लावलेला पाहायचा तर चीनमधलं १३६३चं पोयांग सरोवर घ्या, सत्तेसाठी झगडणाऱ्या दोन बंडखोर सरदारांची लढाई. चेन योउलियांगची उंच मजल्यांची जहाजं, समोर झू युआनझांगच्या लहान नावा. झूने पेटत्या होड्या सोडून ती जहाजं जाळली. शेवटी चेन बाण लागून मेला आणि पाच वर्षांनी झू मिंग घराण्याचा पहिला बादशहा झाला. इथे वेळ काढणं नाही, सरळ राज्यच ठरलं.

हतनूरकाठ:
किल्ल्यातले हजारो ऑक्टोबरमधले, दादा. उन्हाळ्यात तीच फौज कॅनडातून हरून, देवीच्या साथीने खिळखिळी होऊन परतली होती. तिला सावरायला जे महिने मिळाले, ते होड्यांमुळेच.

पांझराकाठ (साक्री):
मग आपल्याकडचं बघू. १६०० साली अकबर बऱ्हाणपुरात आला, जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला. सातपुड्याचं सागवान खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या हाताशी होतं. तापीवर त्यांचं होड्यांचं दळ असतं तर?

असीरची वाट:
काहीच फरक पडला नसता. बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर आहे आणि अकबर उत्तरेकडूनच आला. त्याला नदी ओलांडायची गरजच नव्हती. असीरगड तर नदीपासून लांब, डोंगरावर. शिवाय आपली तापी उन्हाळ्यात खडकांमधून वाहते आणि पावसाळ्यात एका रात्रीत दरडीला लागते. पांझरेवर फडाचे (शेतांना पाणी वळवायचे) बंधारे टिकले म्हणून तापी कुणी अडवली असती असं होत नाही. बारमाही पाणी हवं. १६७१ला आसामात सराईघाटात अहोम सेनापती लाचित बोरफुकनने मुघलांना हरवलं, ते ब्रह्मपुत्रेवर.

पांझराकाठ:
गड सोडा, दक्षिणेकडे बघा. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल अहमदनगरला वेढा घालून होता आणि बादशहा बऱ्हाणपुरात. दोघांच्या मधे तापी. खजिना, दारूगोळा, निरोप्या, जे काही बऱ्हाणपुरातून निघेल ते याच पात्रातून पलीकडे जाणार, आणि १६००च्या पावसाळ्यात पात्र भरलेलं. बारमाही पाणी कशाला? चार महिन्यांसाठी उताराच्या जागा आणि नावा फारुकींच्या हातात असत्या तरी पुरे. अहमदनगर ऑगस्टमध्ये पडलं. ते दिवाळीपर्यंत लांबलं असतं, तर असीरगडावरच्या फारुकी सुलतान बहादूरशहाने तहाच्या बोलण्यासाठी खाली उतरायची घाई केली असती का?