टीएलडीनंतर मुलाचं क्रिएटिनिन ०.६ वरून ०.८ झालंय, काय तपासावं?

समुपदेशक, इंदूर
मुलगा ११ वर्षांचा, एचआयव्हीबाधित. वजन ३१ किलो, उंची १३२ सेंमी. आधी अबॅकाव्हिर, लॅमिव्हुडिन आणि लोपिनाव्हिर होतं. तीन महिन्यांपूर्वी टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी) सुरू झालं. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल ०.६ ते १.२’ आणि ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग) १०० च्या वर छापलंय, म्हणून घरचे निर्धास्त आहेत. एमवाय हॉस्पिटलच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) सेंटरची तारीख दहा दिवसांनी आहे. तोवर काय उरकून घ्यावं?

लॅबवाला, सुदामानगर
ती रेंज मोठ्यांची, ईजीएफआरही मोठ्यांच्या सूत्राचा. मुलांसाठी श्वार्ट्झ सूत्र वापरा: ०.४१३ × उंची ÷ क्रिएटिनिन. आधी ९१ होता, आता ६८. हे सूत्र क्रिएटिनिन मोजण्याच्या एन्झायमॅटिक पद्धतीवर बेतलेलं आहे. जाफे या दुसऱ्या पद्धतीत कमी आकडे थोडे फुगतात, तेव्हा दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत ना, ते बघा.

मुलांचे किडनीविकार बघणारा
इथे संशय टीएलडीतल्या दोन औषधांवर. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिन लघवीत टाकण्याची एक वाट अडवतं. त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत आकडा ०.१ ते ०.१५ ने चढतो आणि तिथेच थांबतो. किडनी शाबूत असते. टेनोफोविर मात्र किडनीच्या सूक्ष्म नळ्यांनाच इजा करतं. मग साखर, फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट लघवीवाटे वाहून जातं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

सकाळची पहिली लघवी घ्या. लघवीत बुडवायची स्ट्रिप मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन दाखवते, नळ्यांतून गळणारी छोटी प्रथिनं तिला दिसत नाहीत. म्हणून प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करा, ०.२ च्या वर म्हणजे जास्त. रक्तात फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट, अल्कलाइन फॉस्फेटेज. जमलं तर सिस्टॅटिन सी (किडनीचं काम मोजणारी दुसरी रक्ततपासणी), त्यावर डोल्युटेग्राविरचा परिणाम होत नाही.

समुपदेशक, इंदूर
स्ट्रिप आजच केली. प्रोटीन ट्रेस, साखर १+. रक्तातली साखर ९२.

मुलांचे किडनीविकार बघणारा
रक्तातली साखर ठीक असून लघवीत साखर, म्हणजे नळ्या गळताहेत; मग बोट टेनोफोविरकडेच जातं. दहा दिवस थांबू नका, उद्याच सेंटरला कळवा. गोळ्या घरच्या घरी बंद करायच्या नाहीत. अबॅकाव्हिर त्याला आधी सोसलंय, त्यामुळे बदल सोपा. पण त्याआधी हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट हवाच: टेनोफोविर त्या विषाणूलाही दाबून ठेवतं, काढल्यावर तो उसळू शकतो.

ताप आला तर पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन नको. बीपी मुलांच्या मापाच्या कफने घ्या, अरुंद कफ खोटं वाढलेलं बीपी दाखवतो. कॅल्शियम किंवा लोह सुरू झालं तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. जेवणासोबत दिल्यास दोन्ही एकत्र चालतात.

आणि ‘किडनी’ म्हटलं की घरचे लगेच सेव बंद करतील. सूज नसेल, बीपी ठीक असेल तर मिठावर संक्रांत नको.