कुत्र्याच्या डोळ्याचा हट्टी अल्सर आणि दवाखान्याचा खर्च: तुमचे अनुभव सांगा

बंड्याची आई, पुणे

आमचा बंड्या नऊ वर्षांचा, अर्धा बॉक्सर, अर्धा कोण ते देवाला ठाऊक. गणपती यायच्या आदल्या दिवशी उजवा डोळा मिचकवायला लागला. वाटलं, मखराचा थर्माकोल गेला असेल. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्याला जखमेवर धरणाऱ्या रंगाची, म्हणजे डायची, नारिंगी कागदाची पट्टी लावली, खोलीत अंधार करून निळा उजेड टाकला, तर बुबुळावर साबुदाण्याएवढा हिरवागार ठिपका. "वरवरचा अल्सर, म्हणजे जखम आहे, आठवड्यात भरेल."

आज बाविसावा दिवस. अँटिबायोटिकच्या थेंबांत टोब्रामायसिन झालं, मग मॉक्सिफ्लॉक्सासिन, मग आणखी एक बाटली. ठिपका जिथल्या तिथे. दर खेपेला तपासणी फी, नवे थेंब, जाण्यायेण्याची रिक्षा, असे मिळून वहीत ७,४०० रुपये झालेत. आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या म्हणतात आणि तिथे फोनवरच १२ ते १५ हजारांचा अंदाज दिला. सासूबाईंनी तर डोळ्यात फूल पडणार म्हणून जाहीरही केलंय.

कोणाच्या कुत्र्याला असं झालं होतं? शेवटी कशाने भरलं, किती दिवस लागले, किती खर्च आला, कुठे पैसे वाचले, सगळं लिहा. उपदेश घरात मुबलक आहे, अनुभव हवेत.

रॉकीचा बाबा, नाशिक

ताई, बॉक्सरचं रक्त, उतरतं वय आणि थेंब बदलूनही ढिम्म फरक नाही, हे वाचून आमचा रॉकीच डोळ्यांसमोर आला. त्याला इंडोलंट अल्सर म्हणतात. बॉक्सरांना इतका होतो की जुने डॉक्टर बॉक्सर अल्सरच म्हणायचे, पण वय झालेल्या कुठल्याही कुत्र्याला होऊ शकतो. ओल धरलेल्या भिंतीला रंग दिला की कसा पोपडा धरतो, तसं असतं हे. बुबुळावर नवी कातडी येते, पण खाली चिकटतच नाही. कडा सुट्या राहतात. म्हणून तो हिरवा रंग ठिपक्याच्या कडेखालीही झिरपतो आणि भोवती फिकट वलय दिसतं. तुमच्या डॉक्टरांना वलय दिसलं होतं का, विचारा.

आमचे डॉक्टर म्हणाले होते, अँटिबायोटिकचे थेंब हा राखणदार आहे, गवंडी नाही. तो जंतूंना आत येऊ देत नाही, भिंत बांधत नाही. राखणदार बदलून भिंत कशी उभी राहणार? आम्ही मात्र चार राखणदार बदलून ९,००० रुपये घालवून बसलो होतो.

उपाय ऐकायला भयंकर वाटतो. भुलीचे थेंब घालून कोरड्या कापसाच्या काडीने ती सुटी कातडी घासून काढतात. साबुदाण्याएवढा दिसणारा ठिपका घासल्यावर वाटाण्याएवढा झाला, मी तोंड फिरवलं. नुसत्या घासण्याने निम्मे कुत्रे बरे होतात म्हणाले. रॉकी दुसऱ्या निम्म्यातला निघाला. मग दोन आठवड्यांनी परत घासून बारीक सुईने बुबुळावर उभ्याआडव्या रेघा ओढल्या, शंकरपाळ्यांना कातणीने आखतात तशा. त्या रेघांच्या आधाराने कातडी धरते. पूर्ण भूल लागली नाही, गुंगीचं हलकं इंजेक्शन पुरलं, पंधरा मिनिटांत बाहेर. वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स बसवली. सोळाव्या दिवशी डाय टाकला तर हिरवं काहीच नाही.

खर्च: तपासणी ६००, रेघा ३,५००, लेन्स १,५००. काही ठिकाणी याच कामाला हिऱ्याची भुकटी बसवलेलं फिरतं टोक वापरतात, त्याला डायमंड बर म्हणतात. आमच्याकडे ते नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. हे सुईचं काम खोल किंवा पू झालेल्या जखमेवर अजिबात करत नाहीत. त्यामुळे आधी नीट बघून घेणारा डॉक्टर हवा.

गुंडीची ताई, ठाणे

माझी चूक लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणी करणार नाही. गुंडी पग आहे. त्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, पण हे डोळे असे बाहेर आलेले, पापणी पुरती मिटत नाही, नाकाच्या घडीचे केस बुबुळावर घासतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. रविवार होता, डोळा लाल. फ्रिजमध्ये आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते. घातले. दोन दिवस लाली उतरली, मला वाटलं मी जिंकले. तिसऱ्या दिवशी सकाळी बुबुळावर भिजलेल्या साबणासारखं पांढरट, बुळबुळीत काहीतरी. थेंबांत स्टिरॉइड होतं. लाली आणि सूज त्याने दबते, पण जखम असेल तर भरणं थांबतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. डॉक्टर बाटली बघून एवढंच म्हणाले, "बुबुळ वितळतंय."

एका खाजगी ठिकाणी पापणीच्या आतली त्वचा बुबुळावर शिवायची शस्त्रक्रिया सांगितली, अंदाज ३५,०००. मी परळला बैलघोडा हॉस्पिटलात गेले. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट असं लांबलचक नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं. तिथे म्हणाले, दोन दिवस सीरम देऊन बघू, नाही थांबलं तर शिवू. गुंडीचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवलं, वर आलेलं पिवळसर पाणी निर्जंतुक बाटलीत भरून दिलं. बुबुळ खाणाऱ्या स्रावांना ते आवर घालतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, टोक कशाला लागू द्यायचं नाही, काही दिवसांनी ताजं करून घ्यायचं. आणि दर तासाला एक थेंब. दर तासाला म्हणजे रात्रीसुद्धा.

एकपर्यंत मी, एक ते चार दादा, चारनंतर बाबा. हेच बाबा "घरात कुत्रं आलं तर मी गावाला जाईन" म्हणाले होते. पहाटे पाचला ते तिला मांडीवर घेऊन "डोळा उघड गं बाय" म्हणत होते, मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

वितळणं थांबलं, शिवावं लागलं नाही. साडेपाच आठवडे लागले. बुबुळावर तपकिरी डाग कायमचा राहिलाय, समोरून दिलेला बिस्किटाचा तुकडा तिला कधीकधी दिसत नाही. रक्त फिरवण्याचा खर्च थोडका होता. सगळे मिळून ११,००० गेले, त्यात टॅक्सीचेच तीन हजार. आजीचे थेंब फुकटचे होते.

मेडिकल दुकानवाला, सांगली

वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. दुकानात लोक येऊन "ते डोळ्याचे पांढऱ्या बाटलीतले द्या" म्हणतात. एकाच कंपनीचे दोन खोके शेजारी असतात. एकात नुसतं अँटिबायोटिक, दुसऱ्यात त्यासोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. नावापुढे डी किंवा डीएम असं शेपूट असतं, पण शेपटावर विसंबू नका, खोक्यावरचा घटक वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसलं तर डाय टाकून बघितल्याशिवाय डोळ्यात नको.

पैशांबद्दल: टोब्रामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हे माणसांचेच थेंब कुत्र्यांना लिहून देतात, त्यामुळे डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कंपनी बदलली की किंमत निम्मी झालेली मी रोज बघतो. एका वेळी एकच थेंब, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, बाकी गालावर जातं. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यांत शेवटी. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या. आणि दुखतंय म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन देऊ नका. कुत्र्यांना ती विष आहे.

मोत्याची मालकीण, रत्नागिरी

आमची गोष्ट चार ओळींची. मोत्या गावठी, वय तीन, डोळा पंधरा दिवस गळत होता. तरण्या कुत्र्याचा साधा अल्सर एवढे दिवस राहत नाही म्हणून डॉक्टरांनी भुलीचा थेंब टाकून चिमट्याने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी उचलली. मागे भाताच्या काडीवरचं कुसळ. काढलं, सहा दिवसांत डोळा लख्ख. फी ३०० आणि मी दिलेले दोन नारळ.

प्रतिसाद, गाव लिहिलं नाही

आमच्याकडे शुद्ध मध घालतात, उगाच हजारो घालवू नका.

गुंडीची ताई, ठाणे

दादा, आधी स्वतःच्या डोळ्यात घालून बघा आणि मग लिहा. फुकटच्या थेंबांचा हिशोब वर मांडलाय.

पिंकीचे आजोबा, नागपूर

पिंकी शिह त्झू. वर्षभरात चार वेळा अल्सर. भरायचा, महिन्या-दोन महिन्यांत परत. दर वेळी थेंब, दर वेळी डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात ते नरसाळं. पाचव्यांदा पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं तर त्या तरुण मुलीनं आधी डोळ्याच्या कडेला कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि घड्याळ लावून मिनिटभर थांबली. अश्रूंनी पट्टी किती भिजते ते मोजायचं. पंधरा मिलिमीटर किंवा जास्त हवी, पिंकीची एका डोळ्यात ४, दुसऱ्यात ६. डोळे कोरडे! आणि आम्ही वर्षभर म्हणत होतो, डोळ्यातून किती घाण येते बघा. ते चिकट, दोऱ्यासारखं चिपड म्हणजेच कोरडेपणाची खूण होती.

आता टॅक्रोलिमसचं मलम दिवसातून दोनदा, जन्मभर. एक ट्यूब काही शे रुपयांची, बरेच दिवस पुरते. दीड वर्षात एकही अल्सर नाही. ती पट्टी पहिल्याच खेपेला लावली असती तर चार अल्सरांचे पैसे वाचले असते. कोणाला दोष देत नाही, पण तुम्ही स्वतःहून विचारा. ॲट्रोपिन (बाहुली मोठी करून दुखणं कमी करणारे थेंब) चालू असेल तर तेही सांगा, त्याने अश्रू कमी होतात आणि पट्टी चुकीचं दाखवते. तोंडाला फेस आला तर घाबरू नका, ते औषध डोळ्यातून नाकात, नाकातून घशात उतरतं आणि फार कडू असतं.

सातारा जिल्हा

पुण्याच्या ताईंना: शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारा हायवेने या. आमच्या जर्मन शेफर्डला तिथेच नेतो. केस पेपर किरकोळ, औषध बाहेरून. सात-आठ विद्यार्थी एकेक करून डोळ्यात डोकावतात, कुत्रं वैतागतं, पण एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. आमच्या वेळी पापणीच्या आतून उगवलेला एक केस विद्यार्थ्यानेच पकडला. सकाळी जा, आधी फोन करून डोळ्याचं बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. आधीचे सगळे कागद आणि रोजचे फोटो न्या.

ऑस्करची आई, रेडिंग, इंग्लंड

इकडे विमा आहे म्हणून सुटलो असं समजू नका. पहिल्या डोळ्याच्या वेळी डायमंड बर आणि लेन्स मिळून बिल ६५० पौंडांवर गेलं. आमच्या वाट्याचे पहिले १५० भरून बाकीचे परत मिळाले. आठ महिन्यांनी दुसरा डोळा. हा आजार फिरून दुसऱ्या डोळ्यात येतो, हे तोवर माहीत नव्हतं. मधे आम्ही स्वस्त म्हणून कंपनी बदलली होती, आणि नव्या कंपनीच्या नियमात दोन डोळे म्हणजे एकच आजार. एका डोळ्याला आधी झालं, म्हणून दुसराही जुनाच धरला. एक पेनी मिळाली नाही. भारतात कोणी विमा घेत असेल तर जोडीच्या अवयवांची ओळ आणि सुरुवातीचा थांबण्याचा काळ वाचूनच सही करा.

वाचले ते इतक्यावरच: डॉक्टरांकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून थेंब बाहेरून घेतले. मागायला मला लाज वाटत होती, त्यांना देताना काही वाटलं नाही.

राणीचा दादा, कोल्हापूर

सगळ्यांचे डोळे बरे झाले, आमचा नाही झाला. राणी अकरा वर्षांची. सुगीचे दिवस, आज नेऊ उद्या नेऊ करत दहा दिवस गेले. जखमेच्या मधोमध काळा, चकचकीत खळगा दिसायला लागला. डॉक्टरांनी डाय टाकला तर कडा हिरव्या आणि मधला खळगा कोरा. मला आनंद झाला, मधलं भरलं म्हणून. ते म्हणाले, उलट आहे. शेवटचा पातळ पडदा तेवढा उरलाय, त्याला रंग धरत नाही. त्याच रात्री फुटलं.

पुण्याला नेऊन शिवायचे ४०,००० आणि डोळा वाचेल याची खात्री नाही. काढायचे ८,०००. काढला. डॉक्टरांनी तीन हप्ते करून दिले, तिसरा बहिणीच्या भिशीतून भरला. टाके निघायच्या आतच राणी मांजरामागे धावली. तिची वेदना गेली होती, ते कळत होतं. पण पैसे असते तर, हे मनातून जात नाही. म्हणून लिहिलं. खळगा दिसला तर तेवढी रात्रही थांबू नका.

बंड्याची आई, पुणे

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. शिरवळला गेलो. वलय होतंच. अश्रूंची पट्टी मी स्वतःहून मागितली, १७ आणि १९ आली. पापण्या उलटून बघितल्या, केस नाही, कुसळ नाही. घासून रेघा त्याच दिवशी झाल्या. लेन्स चौथ्या दिवशी चटईवर सापडली, कधी पडली कोणास ठाऊक. बाराव्या दिवशी डाय टाकला तर टाचणीच्या टोकाएवढं हिरवं होतं, एकविसाव्या दिवशी काही नाही. या भागाचा खर्च गाडीच्या पेट्रोलसकट ४,१००, म्हणजे वहीत एकूण ११,५००. पहिले ७,४०० बघून नवऱ्याने वही मिटून ठेवली.

बुबुळावर धुक्यासारखा पुसट डाग आहे. सासूबाई म्हणतात, हेच ते फूल. डॉक्टर म्हणाले, पुसट होत जाईल. नरसाळं गळ्यातून काढल्याबरोबर बंड्याने ते अंगणात नेऊन चावून बारीक केलं.

ऑस्करच्या आईचं वाचल्यापासून मी डावा डोळा रोज टॉर्चने बघते. आज सकाळी जरा पाणी होतं. संध्याकाळी नव्हतं.